मूळगाव सनाहिन

नाशिकजवळच्या ओझरला मिग या लढाऊ विमानांचा कारखाना; त्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला मिगचं नवल सांगू नये. विमान डोक्यावरून गेलं की मास्तर वाक्य अर्धवट सोडून थांबायचे आणि घरघर विरली की तिथूनच पुढे सुरू. पण मिगमधला ‘मि’ मूळचा कुठला, हा प्रश्न वर्गात कधी कुणाला पडला नाही. तो आर्मेनियातल्या लोरी प्रांतातला, सनाहिन गावचा. तिथल्या एका सुताराची ही दोन पोरं. थोरला अनास्तास मिकोयान हा सोव्हिएत पुढारी, लेनिनपासून ब्रेझनेव्हपर्यंत सगळ्यांच्या राजवटीत टिकून राहिला (हे विमान उडवण्याहून अवघड!), आणि १९०५ साली जन्मलेला धाकटा आर्त्योम विमानांच्या नादी लागला; मिगमधला ‘मि’ म्हणजे हाच मिकोयान. गावात दोघा भावांचं संग्रहालय आहे आणि बाहेर मिग-२१ उभं आहे.

सनाहिन पठारावर, तर खाली देबेद नदीच्या घळीत आलावेर्दी, तांब्याच्या कारखान्याभोवती वाढलेलं शहर. वरून बघावं तर अगदी पायाखाली, पण रस्त्याने निघालात की वळणंच वळणं. म्हणून १९७८ मध्ये चक्क रोपवे टाकला, रोजच्या जाण्यायेण्यासाठी. खाली नदीवर बाराव्या शतकातला एका कमानीचा दगडी पूल आहे. त्याच्या कठड्यावर सिंह कोरलेत. सिंह आपलं म्हणायचं; दिसतात उन्हाला बसलेल्या मांजरांसारखे.

सनाहिनचा मठ दहाव्या शतकातला, शेजारच्या हाघपातचाही तेव्हाचाच. युनेस्कोच्या यादीत मात्र हाघपात १९९६ साली गेलं आणि सनाहिन २००० मध्ये. शेजारशेजारच्या गावांत चार वर्षांचा फरक म्हणजे पारावरच्या गप्पांना जन्मभराची सोय.

याच लोरीत स्पिताक आहे. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात ते जवळपास पुसलं गेलं. सकाळचे पावणेबारा होत आले होते, शाळा भरलेल्या होत्या.

प्रांताचं मुख्य शहर वानाद्झोर हे आधी काराक्लिस, मग किरोवाकान, आणि १९९३ पासून वानाद्झोर. त्याच्या जवळच्या फियोलेतोवोत मोलोकान पंथाचे रशियन राहतात. झारच्या काळात धर्मापायी देशोधडीला लागलेली, चर्चमधल्या तसबिरी न मानणारी ही माणसं. घरात समोवार (चहासाठी पाणी उकळायचं रशियन भांडं), बरणीत खारवलेला कोबी. आणि गावाला नाव कुणाचं, तर इवान फियोलेतोव या बोल्शेविकाचं! सोव्हिएत संघ मोडून तीन दशकं उलटली, पण ते बदलायची घाई अजून कुणी केलेली नाही.