डेटाचा हात कोणाला विचारून काढला?

कृत्रिम अवयवांच्या आमच्या लाईनमध्ये पेशंटचे दोनच प्रकार, हातवाले आणि पायवाले. पायवाल्यांना लोक विचारतात चालता येतं का, जिने चढता येतात का, आणि विषय संपतो. हातवाल्यांना मात्र बसमधला शेजारी, लग्नातली लांबची मावशी, काउंटरवरचा माणूस, कोणीही बिनधास्त म्हणतं, "बघू, काढून दाखवा ना जरा." पायवाल्याला पॅन्ट वर करा असं म्हणायला लोक थोडे तरी लाजतात, हाताच्या बाबतीत ती लाज पण नाही.

तर हा प्रसंग बडोद्याचा, आमच्या रावपुऱ्यातल्या सेंटरचा, भर पावसाळ्यातला. विश्वामित्री नदी चढलेली, दांडिया बाजारकडून येणारा रस्ता पाण्यात, आणि प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर मगरीचा व्हिडिओ (आमच्याकडे जोराचा पाऊस म्हणजे मगर कुठल्या तरी सोसायटीत दिसणारच, त्याचं अप्रूप मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना). सकाळी जे पेशंट आले ते आले, मग कोणाला जाता येईना. एक जीआयडीसीतला (गुजरातची एमआयडीसी) मुलगा, मकरपुऱ्याला पॉवर प्रेसवर काम करायचा, उजवा हात मनगटाच्या वर चार बोटं इथून गेलेला, सोबत त्याची आत्या. दुसरे आमचे जुने काका, गुडघ्याखाली जयपूर फूट, आयुष्यभर वकिलाकडे कारकुनी केलेले, न्यायमंदिरात कोर्ट भरायचं तेव्हाचे. पट्टा बदलायला आले होते, पण पट्टा हे निमित्त, त्यांना गप्पांना माणसं लागतात. आणि आमचा टेक्निशियन बंटी, त्याचे कलाभवनला इंजिनिअरिंग करणारे दोन मित्र, थ्रीडी प्रिंटेड हात बघायला म्हणून आलेले आणि अडकलेले.

मुलाच्या सिलिकॉनच्या हाताला मी शेवटचा रंगाचा कोट मारून क्युअर व्हायला, म्हणजे पक्का व्हायला, ओव्हनमध्ये ठेवला होता, त्याला वेळ लागणारच होता. म्हणून बंटीने लॅपटॉप काढला.

बंटी स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन सिरीयलचा भक्त आहे, भक्तच म्हणते, कारण त्याच्या टेबलावर गणपतीच्या शेजारी त्यातल्या अंतराळ जहाजाचं मॉडेल आहे. आणि ते तिघं भेटले की एकच वाद, यंत्रमानवाला हक्क असावेत की नाही. त्या दिवशी त्याने लावला 'द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनमधला 'द मेझर ऑफ अ मॅन', १९८९ चा एपिसोड, लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः आधी वकिली केलेली, हे ऐकताच काकांनी खुर्ची पुढे ओढली. गोष्ट अशी की डेटा नावाचा माणसासारखा दिसणारा अँड्रॉइड जहाजावर ऑफिसर आहे, मेडल्स वगैरे मिळालेला, आणि मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ येऊन म्हणतो की मला याला उघडून बघायचंय, म्हणजे असे अजून बनवता येतील. डेटा नाही म्हणतो, राजीनामा देतो. तर प्रश्न येतो की यंत्र राजीनामा देऊ शकतं का, ते तर आमच्या मालकीचं. मग सुनावणी. डेटाच्या बाजूने कॅप्टन पिकार्ड, आणि विरुद्ध बाजूने उभं राहायचं डेटाचाच मित्र असलेल्या रायकरने, कारण माणसं कमी आहेत आणि तो नाही म्हणाला तर जज बाई सरळ डेटाच्या विरुद्ध निकाल देणार.

"हे कुठलं कोर्ट," काका म्हणाले, "मित्राला मित्राविरुद्ध उभं करतात? आमच्या साहेबांनी केस परत केली असती."

एपिसोड इंग्लिशमध्ये, बंटी पॉज करून करून आत्याला मराठीत सांगत होता आणि मधेमधे त्याचं आणि मित्रांचं भांडण, ती जज शेवटी प्रश्न टाळते की सोडवते, आत्मा म्हणजे काय, वगैरे. ही भांडणं मी इतक्यांदा ऐकलीयेत की माझं अर्धं लक्ष ओव्हनकडे होतं. पण एका ठिकाणी सगळे गप्प झाले. डेटा पिकार्डला विचारतो की लाफोर्जचे (जहाजावरचा आंधळा ऑफिसर) यांत्रिक डोळे माणसांच्या डोळ्यांपेक्षा भारी आहेत ना, मग सगळ्या ऑफिसरांनी डोळे काढून ते बसवून घ्यावेत असा नियम का नाही? पिकार्डकडे उत्तर नसतं. आणि डेटा समजून जातो की तो माणूस नाही म्हणूनच त्याला उघडायची भाषा चाललीये. आत्या म्हणाली, "बरोबर बोलला गं तो." तो मुलगा काहीच बोलला नाही, स्टंपवरचा, म्हणजे उरलेल्या हातावरचा, मोजा सारखा करत बसला होता.

मग सुनावणी चालू झाली. रायकर डेटाकडून पोलादी दांडा वाकवून घेतो, मग जजला म्हणतो की मला कमांडरचा हात काढून दाखवायची परवानगी द्या. पिकार्ड ऑब्जेक्शन म्हणतो आणि लगेच मागे पण घेतो, म्हणे काही फरक पडत नाही. रायकर सॉरी म्हणतो आणि डेटाचा हात काढून जजला दाखवतो.

कलाभवनवाले दोघं मान हलवत होते, त्यांनी हा सीन कितीदा पाहिलेला असणार. त्यातला एक काही तरी टेक्निकल बोलायला लागला आणि तेवढ्यात मुलगा म्हणाला, "थांबव. मागे घे."

बंटीने मागे घेतलं. परत तेच. दांडा, परवानगी, ऑब्जेक्शन, हात.

"कोणाला विचारलं त्याने?"

"जजला."

"आणि ज्याचा हात आहे त्याला?"

बंटी म्हणाला, अरे सॉरी म्हणाला ना. मुलगा म्हणाला, सॉरी काढताना म्हणाला. विचारलं जजला, ऑब्जेक्शन घेतलं कॅप्टनने, परत पण घेतलं कॅप्टननेच, डेटाला एका माणसाने विचारलं नाही आणि तो तिथे दोन फुटांवर बसलाय.

बंटीने तो एपिसोड पाठ केलाय अक्षरशः, संवाद म्हणून दाखवतो, पण यावर त्याला पटकन काही बोलता आलं नाही. त्याचा मित्र म्हणाला, पण दादा, तो सीन मुद्दामच तसा आहे, आपल्याला वाईट वाटावं म्हणून. "तुला वाटलं का?" मुलाने विचारलं. यावर तो मित्र ओशाळला, कारण सकाळी आल्या आल्या त्याने याच मुलाला "भाऊ, जुना हात आणलाय का, बघू ना" असं हात पुढे करून विचारलेलं होतं.

काकांचं वेगळंच चाललेलं. त्यांचा सगळा राग पिकार्डवर. "ऑब्जेक्शन घेतलं तर शेवटपर्यंत धरायचं! काही फरक पडत नाही म्हणजे काय? एकदा वस्तू टेबलावर आली की जजच्या डोक्यात तो माणूस उरत नाही, वस्तू उरते." आणि मग त्यांना त्यांच्या काळातल्या नुकसानभरपाईच्या फायली आठवल्या. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला परिशिष्ट होतं, त्यात तक्ता, काकांना अजून तोंडपाठ. पंजा गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली, नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. "तक्ता वाईट नाही," काका म्हणाले, "तक्ता नसता तर मालकाने पाच टक्के पण दिले नसते. पण तक्ता वाचताना माणूस समोर बसलेला असायचा आणि साहेब लोक त्याच्या हाताकडे बघून बोलायचे, तोंडाकडे नाही."

आणि मग मुलगा जे बोलला ते मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं, तो कित्येक महिने आमच्याकडे येतोय तरी. फाईलच्या कामाने एका ऑफिसात गेले होते दोघं. त्याच्याकडे तेव्हा कुठल्याशा कॅम्पमध्ये मिळालेला हात होता, वरून पीव्हीसीचा ग्लोव्ह, ज्याला हळदीचा डाग लागला की जात नाही, वर्तमानपत्राची शाई पण धरतो. टेबलापलीकडच्या माणसाने याच्याकडे बघितलंच नाही. आत्याला विचारलं, "त्यांचा निघतो का तो? काढायला सांगा." आणि आत्याने याच्या शर्टाची बाही वर केली.

आत्याचं तोंड एवढंसं झालं. "मी काय करणार होते रे? फाईल अडकली असती."

"मी तुला काही म्हणत नाहीये आत्या. पिकार्डने पण तेच केलं."

पुढे रायकर हात लांबवून डेटाच्या पाठीतलं बटण बंद करतो आणि डेटा टेबलावर कोसळतो, त्यावर काका खरोखर "ऑब्जेक्शन!" असं ओरडले, खालच्या झेरॉक्सवाल्याने वर येऊन विचारलं काय झालं. शेवटी निकाल डेटाच्या बाजूने लागतो. जज म्हणते याला आत्मा आहे का मला माहीत नाही, मला स्वतःला आहे का ते पण माहीत नाही, पण निवड याची याने करायची. कलाभवनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने पण वाजवल्या. मुलाने नाही, त्याचं डोकं अजून त्या हातातच होतं, आणि खरं सांगायचं तर माझं पण.

पाऊस जरा उघडला तसा उजेड आला. सिलिकॉन हाताचा रंग ट्यूबलाईटखाली कधी बघायचा नाही, पिवळा-हिरवा दिसतो, खिडकीत बसवूनच बघायचा, आणि तळवा वेगळा, पाठ वेगळी, नखांच्या मुळाशी वेगळा. मुलाच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेऊन त्याचा आरसा करून मी उजवा बनवला होता, शिरा थोड्या उठवलेल्या. मशीनच्या कामाने बोटांची पेरं जाड झालेली असतात, ती पण तशीच ठेवली. कलाभवनवाला हळूच, माझी परवानगी घेऊन नाही, त्या मुलाची परवानगी घेऊन (हे मी बघितलं) हात हातात घेऊन बघायला लागला आणि दचकला. गार असतो ना. आणि आत हाड नसल्यासारखा मऊ. तो म्हणाला, हीच ती जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरीची अनकॅनी व्हॅली, जवळजवळ माणसासारखं दिसणारं काही बघून अंगावर येतं ते. म्हटलं बाबा, मोरीने १९७० मध्ये तो लेख लिहिला तेव्हा रोबोबरोबर उदाहरण दिलं ते आमच्याच धंद्याचं, खऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम हात, आणि तो हातात घेतला की गार नि लिबलिबीत लागतो म्हणून अंगावर येणारा काटा. तुम्ही लोक सिनेमातल्या बाहुल्यांवर वाद घालता, आम्ही तो काटा रोज बघतो, घरातलं लहान पोर पहिल्यांदा बाबांचा नवीन हात धरतं तेव्हा.

मुलाने हात घालून बघितला, खिडकीत धरला, डाव्याच्या शेजारी. बराच वेळ. "मस्त झालाय ताई," म्हणाला, आणि मग, "पण हा लग्नाबिग्नाला. कामाला मला हुकच पाहिजे." हे मला अपेक्षित होतं. केबलवर चालणारा दुभंगलेला हुक, खांद्यावर हार्नेस, १९१२ चं डॉरन्सचं पेटंट आणि अजून लोक तोच मागतात, कारण त्याने खिळा उचलता येतो आणि सिलिकॉनच्या सुंदर बोटांनी साधा चहाचा कप पण उचलता येत नाही. हा असा धंदा आहे, सगळ्यात जास्त मेहनत ज्याच्यावर करतो तो हात काही करत नाही.

पण पुढचं अपेक्षित नव्हतं. त्याच्या सॉकेटला, म्हणजे उरलेला हात ज्या कवचात बसतो त्याला, आम्ही पिन लॉक देतो, आतल्या लायनरच्या टोकाला पिन, ती खटकन बसते आणि बाहेर एक छोटं बटण, ते दाबलं की हात सुटतो. बटण साधारण बाहेरच्या बाजूला असतं, बनवायला सोपं पडतं. त्याने सॉकेट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "हे आतल्या बाजूला, पोटाकडे घेता येईल का? माझा डावा हात पोचेल असं, समोरच्याचा पोचणार नाही असं."

मी विचारलं, कोणी दाबतं का.

"भाचे दाबतात. मित्र दाबतात गंमत म्हणून. डेटाचं बटण पाठीत आहे ताई, म्हणून तर त्या मित्राने दाबलं."

बंटीने तिथेच मोजमाप घेतलं. आत्याने विचारलं दुखेल का तिकडून, म्हटलं नाही, फक्त लॉकची बॉडी फिरवून पुन्हा लॅमिनेट करावं लागेल, आणि बसताना ते टेबलाच्या कडेला लागणार नाही एवढं बघावं लागेल. मार्कर घेऊन मुलाने स्वतः सॉकेटवर फुली मारली. ती जागा मी निवडली नसती, थोडी खाली आहे, पण डाव्या हाताचा अंगठा बरोबर तिथेच पडतो, करून बघितलं. आता हातवाला पेशंट आला की बटणाची फुली त्याच्याकडूनच मारून घेते आणि गंमत म्हणजे दोघांची फुली एका जागी पडत नाही.

काकांचा पट्टा त्या दिवशी राहिलाच. पिकार्डने ऑब्जेक्शन मागे का घेतलं यावर त्यांनी बंटीला जिन्यापर्यंत पिडलं, बंटी म्हणे त्याला माहीत होतं की हात निघतो हे खोटं पाडता येणार नाही, काका म्हणे मग तर अजूनच धरून ठेवायचं.

निघताना आत्याने विचारलं की या डेटाचं पुढे काय होतं, लग्नबिग्न होतं का. बंटी उत्साहात बोलून गेला की पुढच्या सीझनमध्ये तो स्वतः एक मुलगी बनवतो, तिचं नाव लाल ठेवतो. आत्या एकदम खूश. "अगं बाई, मुलगी! मग? कशी होते ती पुढे?"

ज्यांनी तो एपिसोड बघितलाय त्यांना माहितीये. बंटीने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "आत्या, पाणी उतरलंय, रिक्षा मिळतीये तोवर निघा तुम्ही."