सहा वाजताची पालकसभा

शनिवार, जूनचा तिसरा आठवडा. रात्रीचे सव्वादहा.

आज शाळेतून निघायलाच साडेसात झाले. कोपरखैरणेहून ठाण्याच्या गाडीत चक्क खिडकी मिळाली, पण बाहेर काही बघितलं नाही. डोक्यात सभाच चालू होती. जेवणं आटोपली, ओटा तसाच टाकला आणि वही घेऊन बसले. आज लिहिलं नाही तर सोमवारच्या गडबडीत निसटून जाईल.

वर्षातली पहिली पालकसभा झाली. पुस्तकं वाटून झालीत, निम्म्या वह्यांना अजून कव्हरं नाहीत, दोन मुलं गावाहून परतायचीत. ही मुलं पहिलीपासून माझ्याकडेच आहेत, यंदा तिसरीत आली. पटावर ४१.

आमच्याकडे पालकसभा म्हणजे शनिवारी सकाळी दहा वाजता, हे इतकी वर्षं ठरलेलं. वहीत सूचना लिहून द्यायची, खाली सही करून आणायला सांगायची. सह्या सगळ्यांच्या येतात, माणसं येत नाहीत. गेल्या जूनमध्ये माझ्या वर्गाचे १४ पालक आले होते. मग स्टाफरूममध्ये चहा पिताना ठरलेलं वाक्य निघतं, ‘आपले पालक उदासीन आहेत.’ हे वाक्य मीसुद्धा बोललेय. एकदा नाही, बऱ्याचदा.

ते एप्रिलमध्ये माझ्या डोक्यातून गेलं. घड्याळाची उजळणी चालली होती. फळ्यावर मोठं घड्याळ काढलं आणि मुलांना सांगितलं, तुमचे आईबाबा घरी जागे असतात ती वेळ दाखवा, आईची लाल खडूने, बाबांची निळ्या. एकेक जण येऊन टिंब देऊन गेलं. दुपारच्या दोन-तीनपाशी लाल टिंबांची गर्दी झाली. सहा-सातपाशी निळी टिंबं एकमेकांवर चढली. सकाळच्या दहापाशी मोजकीच होती. फळा पुसायच्या आधी मी ते वहीत उतरवून घेतलं. दहा वाजता यातली बहुतेक माणसं येऊच शकत नव्हती आणि आम्ही त्यांना उदासीन म्हणत होतो.

आमच्या वस्तीत हे कळायला खरं तर फळ्याची गरज नव्हती. शाळेच्या आजूबाजूला सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेली छोटी घरं आहेत. बरीच कुटुंबं साताऱ्याकडची, पाटण-जावळीची. भाजी मार्केटला रात्री गाड्या लागतात, पहाटे सगळा बाजार उभा असतो. जो माणूस रात्री दीडला घर सोडतो तो दुपारी जेवून झोपणारच. आयांपैकी कित्येक जणी सकाळी वाशीला घरकामाला जातात, दोनपर्यंत मोकळ्या होतात, पाचला पुन्हा दुसरी पाळी. काही जणी टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात कंपनीत आहेत, त्यांची पहिली पाळी तीनला सुटते. १९६९ साली माथाडी कायदा झाला, हे मी मुलांना सांगते. पण त्या कामाची वेळ आपल्या सभेच्या वेळेला आडवी येते, हे मला सुचलं नव्हतं.

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, माझ्या वर्गापुरत्या दोन वेळा द्या, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा. त्यांनी नाही म्हटलं नाही. प्रश्न आला शिपाई मामांचा. त्यांना कुलूप लावून दिघ्याला जायचं असतं. मामा म्हणाले, ‘बाई, एक दिवस थांबतो, रोजचं सांगू नका.’ हे त्यांचं अगदी रास्त आहे. शेजारच्या वर्गाच्या मॅडमचं बाळ दीड वर्षाचं आहे, त्यांना सहाची सभा जमणारच नाही, तेही रास्त. पुढच्या वेळी यावर नीट विचार करायला हवा, नाहीतर पालकांची सोय करताना दुसऱ्या कुणाची तरी गैरसोय व्हायची.

अडीचला १८ आया आणि २ आज्या आल्या. पाऊस धो धो. छत्र्या दाराशी बादलीत ठेवल्या तरी पाणी वर्गभर झालं. सगळ्या पोरांच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या. मी अभ्यासक्रम दहा मिनिटांत उरकला आणि म्हटलं, आता तुम्ही बोला. आधी कुणी बोलेना. मग एक आजी म्हणाल्या, ‘नातवाला पुस्तक वाचता येतंय का ते खरं सांगा, तो आम्हाला पाठ म्हणून दाखवतो.’ खरं होतं. त्याला धडे पाठ आहेत, मधलं वाक्य दाखवलं की अडतो. अक्षर न ओळखणाऱ्या आजीने ते ओळखलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीसाठी नावंही घेतली. शिक्षण हक्क कायद्यात या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात, असं सांगितल्यावर दोघींनी आपणहून नाव दिलं.

पण वही उघडली ती सहाच्या सभेसाठी.

सहाला १३ जण आले, त्यात ११ वडील. झोपून उठलेली, आंघोळ केलेली, केसांना तेल लावलेली माणसं. एक जण शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले होते. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पण मानेजवळ, कॉलरच्या वर, कातडी काळी आणि जाड झालेली, घट्ट्यासारखी. गोणी तिथे टेकते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मुलीचं प्रगतिपत्रक होतं. पावसात भिजू नये म्हणून पिशवीला दोन गाठी मारल्या होत्या. त्या सोडवायला त्यांना वेळ लागला, बोटं जाड. मी घाई केली नाही.

प्रगतिपत्रक माझ्यासमोर ठेवून त्यांनी ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यावर बोट ठेवलं. माझंच अक्षर होतं. ‘वर्गात फार हळू बोलते. आत्मविश्वास वाढवणे गरजेचे.’ पहिलीतही मी जवळपास हेच लिहिलं होतं.

ते म्हणाले, ‘बाई, पोरगी भित्री न्हाई. एकच खोली हाय. मी दिवसा झोपतो. मग घरात समदी हळूच बोलत्यात. ती रांगत होती तवापास्नं तिची आई तिला म्हणती, हळू, बाबा झोपलेत.’

मी काहीच बोलले नाही. मला बोलता आलं नाही.

मग ते म्हणाले, ‘हिशोबाला लई चांगली हाय. पन्नास किलोची गोणी, अशा बारा म्हटलं की लगेच सांगती सहाशे. पण कानात सांगती.’

दोन वर्षं ती मुलगी माझ्या समोर तिसऱ्या बाकावर बसते. मी तिला ‘मोठ्याने बोल’ असं किती वेळा म्हटलं असेल. वर्गासमोर उभं करून कविता म्हणायला लावली, हुंदका आला तेव्हा बसवलं, आणि नोंदवहीत ‘आत्मविश्वास’ हा शब्द लिहून मोकळी झाले. तिने बापाची झोप जपली होती. आठ वर्षांच्या मुलीने रोज, न चुकता. मी त्याला उणीव म्हटलं. हे मला आज फार लागलंय.

मी त्यांना सांगितलं की हे लिहिताना मला ठाऊक नव्हतं, चूक माझी आहे. ते एकदम अवघडले. ‘न्हाई न्हाई बाई, तुमचं बरोबरच हाय, तिनं बोलायला पायजे.’ मग विचारलं, ‘रविवारी मार्केट बंद असतं, त्या दिवशी तिला मोठ्यानं वाचायला लावू का? मी जागा असतो.’ म्हटलं, लावा, आणि तुम्ही समोर बसून ऐका. त्यांनी पत्रक पुन्हा पिशवीत घातलं, पुन्हा दोन गाठी.

सगळे गेल्यावर मामा दिवे घालवायला आले तेव्हा मी अजून नोंदवही घेऊन बसले होते. गेल्या वर्षीचं पत्रक त्यांच्या घरी आहे, ते बदलता येत नाही. यंदाच्या नोंदवहीत तिच्या पानावर पहिली ओळ लिहिली, ‘तोंडी गुणाकार उत्तम. घरी वडील दिवसा झोपतात, म्हणून हळू बोलण्याची सवय.’ सोमवारी तिला माझ्या टेबलाजवळच्या बाकावर घेईन. उत्तर कानात सांगितलं तरी चालेल म्हणून सांगेन.

आठ पालक दोन्ही वेळांना आले नाहीत. त्यांची टिंबं वहीत बघितली. तिघांची रात्री नऊनंतरची आहेत. एकाचं टिंबच नाही, तो मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी आला होता आणि खडू हातात धरून तसाच परत गेला होता. त्याच्या घरी या आठवड्यात जायचं.