लाइमची ट्रीटमेंट, उष्णता आणि सॉना: माझा अनुभव

गोचीड चावली ते मला कळलंच नाही, कळलं ते आठवडाभराने, गुडघ्याच्या मागे तळहाताएवढा लाल चट्टा उठला आणि रोज थोडा थोडा पसरायला लागला तेव्हा. डॉक्टरांनी चट्टा बघूनच लाइम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जंतूंचा आजार, आहे असं सांगितलं. इतक्या लवकर रक्ताची टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणून टेस्टसाठी न थांबता डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या, 100 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, 14 दिवस. पहिल्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला, अंग नुसतं ठणकत होतं. फोन केला तर म्हणाले जंतू मरायला लागले की पहिल्या 24 तासांत असं होऊ शकतं, उद्यापर्यंत ओसरेल. ओसरलं.

पण उष्णता सोसेना ती सोसेनाच. आधी मला कडक गरम पाण्याने अंघोळ लागायची, आता कोमट पाण्यानेही छातीत धडधडायचं आणि नळाला धरून उभं राहावं लागायचं. त्यात कुठेतरी वाचलं की बोरेलिया हा लाइमचा जंतू उष्णतेला टिकत नाही, आणि गोळ्या चालू असतानाच दहाव्या दिवशी मी सॉनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या लाकडी खोलीत, जाऊन बसले. 80 डिग्री, वरचा बाक. बसलेली असताना छान वाटत होतं, खरंच, सांधे सुटल्यासारखे वाटले. उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, दाराची लाकडी मूठ हातात होती पण ओढायची ताकदच नव्हती, शेजारच्या बाईंनी दार उघडून मला बाहेर आणून आडवं केलं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी नीट समजावलं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितेय. लॅबमधल्या नळीत जंतू तापवणं वेगळं. शरीर स्वतःचं तापमान धरून ठेवतं, सॉनात घाम येतो तो त्यासाठीच, आतलं तापमान साधारण एखाद डिग्री वर जातं, तेवढ्याने इन्फेक्शन जात नाही. ते काम अँटिबायोटिकचंच. उलट गरमीने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी जातं, उभं राहिलं की बीपी पडतं, आणि आजारात हे सावरणारी यंत्रणाच थकलेली असली तर भोवळ येणारच. गोळ्यांच्या पाकिटावर उन्हात जाऊ नका लिहिलेलं असतं ते मी उष्णतेबद्दल समजत होते, तर ते सूर्यप्रकाशाबद्दल, डॉक्सीने कातडी चटकन भाजते.

कोर्स संपल्यावरही थकवा बरेच आठवडे होता. तो कमी झाल्यावर डॉक्टरांना विचारून इन्फ्रारेड सॉनापासून (यात हवा कमी तापते, किरणांनी थेट अंग तापतं) सुरुवात केली, 45 डिग्री, फक्त 5 मिनिटं, आधी दोन ग्लास पाणी, नंतर मीठ-साखरेचं पाणी, आणि सोबत कोणीतरी असल्याशिवाय नाही. उठायच्या आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं आणि नाडी मोजायची. पहिल्या दिवशी 5 मिनिटांत नाडी 124 होती, वहीत लिहिलंय. ताप असेल किंवा आदल्या रात्री झोप झाली नसेल त्या दिवशी सुट्टी. मधे एकदा उत्साहात 12 मिनिटं बसले तर पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले, मग परत 5 वर आले. ज्यांना हाताच्या नळीतून सलाइनने औषध चालू आहे त्यांनी तर नळी निघेपर्यंत हा विचारच करू नये असं मला मनापासून वाटतं, घामाने तिथली पट्टी सुटते आणि नवीनच इन्फेक्शनची भीती.

फायदा काय म्हणाल तर गुडघ्याचा ताठरपणा तास-दोन तास कमी होतो आणि त्या रात्री झोप गाढ लागते. एवढंच, पण त्या महिन्यांत मला एवढंही खूप होतं. गेल्या आठवड्यात 50 डिग्रीला 15 मिनिटं बसले, उठल्यावर नाडी 98, आणि बाहेर येऊन अंघोळ उभ्याने केली, कशालाही न धरता.