इमेज टाकण्याआधीचा बॅकअप आणि एका रात्रीचा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, म्हणून आमच्या ऑफिसातल्या मशीनवर विंडोज ११ची इमेज, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली विंडोजची पूर्ण प्रत, टाकायचं काम माझ्याकडे आलं. इमेज टाकली की ड्राइव्ह कोरा होतो. त्यामुळे त्याआधी प्रत्येकाचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवरच्या शेअरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून वापरता येणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये, घ्यायचे होते. रोबोकॉपी या विंडोजमधल्या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडची स्क्रिप्ट लिहिली, हाताने चालवून पाहिली, व्यवस्थित चालली. मग टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) सिस्टिम अकाउंटखाली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याखाली, रात्री लावून घरी गेलो.

सकाळी शेअर रिकामा. लॉगमध्ये एरर ५, अ‍ॅक्सेस डिनाइड, ३० सेकंद थांबा, पुन्हा प्रयत्न. पानंच्या पानं तेच. वेगळं सांगितलं नाही तर रोबोकॉपी एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते. रात्रभर ती पहिल्याच फाइलपाशी अडून होती.

तेवढ्यात अकाउंट्समधल्या ताई आल्या. “माझं सगळं घेतलंत ना? मग न्या मशीन.” त्यांच्या डेस्कटॉपवर कित्येक वर्षांच्या एक्सेल फाइल्स होत्या. म्हटलं, “ताई, आज नको. आधी माझी खात्री होऊ द्या.”

पीएसएक्झेक या मायक्रोसॉफ्टच्या टूलने सिस्टिम अकाउंटखाली कमांड प्रॉम्प्ट उघडून हातानेच एक फाइल कॉपी केली, तर तोच एरर. तेव्हा उलगडलं. सिस्टिम अकाउंट नेटवर्कवर जातं ते मशीनच्या नावाने, शेवटी डॉलरचं चिन्ह लावून. मी परवानगी दिली होती आमच्या आयटी ग्रुपला. मशीनना कुठेच नव्हती. डोमेन कॉम्प्युटर्स ग्रुपला (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या सगळ्या मशीन यात येतात) एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डर-फाइल्सच्या परवानग्यांमध्ये, परवानगी दिली, तरी एरर तसाच. कारण नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी वेगळ्या असणाऱ्या शेअर परमिशनमध्ये मशीनसाठी सुरुवातीचं ‘एव्हरीवन – रीड’ (सगळ्यांना फक्त वाचायची मुभा) तसंच राहिलं होतं. शेअर आणि एनटीएफएस या दोन्हींत जी परवानगी कडक, तीच लागू होते.

इथे ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देऊन मोकळं होता आलं असतं. पण त्या शेअरमध्ये लोकांच्या पगाराच्या स्लिपा, आधारच्या स्कॅन प्रती येणार होत्या; मन धजेना. शेअरवर एव्हरीवन काढून डोमेन कॉम्प्युटर्सला चेंज (वाचणं, लिहिणं, पुसणं) आणि आयटी ग्रुपला फुल कंट्रोल दिला. एनटीएफएसमध्ये मशीनना मूळ फोल्डर पाहायची आणि त्यात नवा फोल्डर करायची मुभा, तीही फक्त त्या एका पातळीवर. आतल्या फोल्डर-फाइल्सवर क्रिएटर ओनरला, म्हणजे ज्याने ते बनवले त्याला, मॉडिफाय (बदल करायची परवानगी). म्हणजे ज्या मशीनने फोल्डर बनवला तेच आणि आम्ही, एवढ्यांनाच तो उघडतो. स्क्रिप्टमध्ये दोनच प्रयत्न आणि पाच सेकंदांची वाट असं घातलं.

दुसऱ्या रात्री सगळं आलं. ताईंच्या फाइल्सची संख्या आणि आकार जुळवले, त्यांच्यासमोर तीन-चार एक्सेल उघडून दाखवल्या, मगच मशीन घेतली.

डेटा परत टाकताना मात्र एका मशीनला स्वतःचाच फोल्डर उघडेना. परवानग्यांच्या यादीत नावाच्या जागी एस-१-५-२१ने सुरू होणारा लांबलचक आकडा, म्हणजे अकाउंटचा अंतर्गत ओळख क्रमांक, दिसत होता. इमेज टाकण्याआधी कोणीतरी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (ऑफिसातल्या सगळ्या युजर आणि मशीनच्या अकाउंट्सची मध्यवर्ती नोंद) त्या मशीनचं अकाउंट डिलीट केलं होतं. नाव तेच ठेवून मशीन पुन्हा नेटवर्कला जोडली, तरी अकाउंट नवं असल्याने हा ओळख क्रमांक नवा झाला. तो डेटा आयटी ग्रुपच्या लॉगिनने परत दिला. आता अकाउंट डिलीट न करता रीसेट करतो.