तुमच्यात बरंय, माफी मागितली की झालं!

मी ख्रिश्चन, म्हणून हा टोमणा मला वर्षातनं दहा वेळा तरी ऐकायला मिळतो आणि बहुतेक वेळा चहा पितानाच. परवा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या गोडाऊनबाहेर टेम्पोवाला चादरींच्या गठ्ठ्यावर बसून म्हणाला, "काय बे, तुमच्यात लई बरंय की. पाप करायचं, चर्चमध्ये माफी मागायची, खातं क्लिअर! आम्हाला बघ, इथलं पुढच्या जन्मी फेडत बसायचं." सगळे हसले, मीपण हसलो. पण ते "खातं क्लिअर" डोक्यात राहिलं, कारण मी अकाउंट्सचा माणूस, दिवसभर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून लोकांची उधारीच बघत असतो. तर माफी मागितली की खरंच सगळं मिटतं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, जरा लांबेल.

आधी एक क्लिअर करतो, पिक्चरमधला तो पापं कबूल करायचा जाळीचा बॉक्स आणि आत बसलेला फादर हे कॅथलिकांचं. आमचं चर्च प्रोटेस्टंट, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं, मराठीतनं उपासना, पेटी-तबला, ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची भजनं. पाळकसाहेबांपुढे लाईन लावून पापं सांगायची पद्धत आमच्याकडे नाही. (नुसतं सांगून कॅथलिकसुद्धा सुटत नाहीत, पण ते त्यांनाच विचारा.)

आणि टेम्पोवाल्याची शंका दोन हजार वर्षं जुनी आहे बरं का. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा ६ वा अध्याय प्रेषित पौल याच प्रश्नाने सुरू करतो, कृपा वाढावी म्हणून पापातच राहायचं काय? आणि लगेच स्वतःच म्हणतो, कधीच नाही.

आता मुद्द्याचं. प्रभूची प्रार्थना मी लहानपणापासून पोपटासारखी म्हणत आलोय, त्यात एक ओळ आहे, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. मत्तयाच्या शुभवर्तमानात "ऋण" आणि लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी "पाप". येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप दोन्हीला एकच शब्द चालायचा, हे कळलं तेव्हा मला एकदम टॅलीच आठवली. पार्टी बुडाली की आम्ही बॅड डेट, म्हणजे बुडीत कर्ज, टाकतो. पार्टीचं खातं शून्य होतं, पण ती रक्कम हवेत जात नाही हो, तेवढाच आकडा आमच्या नफा-तोट्यात तोटा म्हणून येऊन बसतो. म्हणजे सोडणाऱ्याच्या खिशातनं जातात. फुकट कुणालाच पडत नाही.

येशूचं वधस्तंभावरचं मरण मला असंच कळतं. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म नावाच्या आर्चबिशपने ऋणाच्या भाषेत अख्खा सिद्धांत मांडला, की माणसाचं देणं इतकं मोठं की ते फक्त देवच फेडू शकतो आणि फेडायचं तर माणसानेच, म्हणून देव माणूस झाला. हुशार माणूस, पण मला त्यात देव थोडा वसुलीला बसल्यासारखा वाटतो. येशूच्या स्वतःच्या गोष्टीत (मत्तय १८) राजा आधी कुणाकडूनच वसूल करत नाही, तोटा गिळतो आणि नोकराला सोडतो. नोकराच्या कर्जाचा आकडा बघा, दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिवसांची मजुरी, गुणाकार केला तर ६ कोटी दिवस! आणि तोच नोकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, दुसऱ्याचा गळा धरतो.

तो नोकर मी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लूम बंद पडले तेव्हा गल्लीतल्या एका मित्राने माझ्याकडून १८,००० नेले, दिवाळीला देतो म्हणाला. कुठली दिवाळी ते सांगितलं नव्हतं. नंतर त्याने सेकंडहँड गाडी घेतली, आणि मी त्याच्या पोरीच्या लग्नात चार माणसांत खांद्यावर हात टाकून म्हणालो, जाऊ दे रे, सोडले. लोकांनी ऐकलं, मला बरं वाटलं. डायरीतलं पान मात्र तसंच, आणि ती गाडी दिसली की व्याजासकट आकडा आपोआप तयार.

मग एकदा महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घ्यायच्या विधीचा, ट्रे आमच्या बाकावर आला, द्राक्षरसाचे ते इवले इवले ग्लास एकमेकांना लागून किणकिणत होते. आणि नेमकं तेव्हाच येशूचं वाक्य आठवलं, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. खरं तर इथे भावाविरुद्ध माझंच होतं, पण काही न घेता ट्रे तसाच पुढे दिला. शेजारच्या मावशींनी चष्म्यावरनं बघितलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, पोट बिघडलंय का?

तुकोबांचं सांगतात ना, घरची सावकारी, भाऊ कान्होबाच्या वाट्याची कर्जखतं बाजूला काढून दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मला तो पूल कळतो, पण आपल्याच्यानं डायरीतलं एक पान फाडवत नाही. म्हणून कुणी "माफी मागितली की झालं" म्हटलं की मी हसतो. मागायची सोपी असते हो, द्यायची असते तेव्हा घाम फुटतो.

गेल्या आठवड्यात सात रस्त्याला तो मित्र दिसला, गाडी पंक्चर, भर उन्हात ढकलत चाललेला. मी थांबलो आणि मागनं ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत गेलो. १८,००० चा विषय ना त्याने काढला ना मी. मागचा टायर मात्र नवा होता, आणि तो कितीला बसला असेल याचा हिशेब माझ्या डोक्यात पंक्चरवाल्यापर्यंत चालूच होता.