पावसाळाभर उभी राहिलेली गोल्फ कार्ट

हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर मालवणकडच्या देवबागच्या बाजूच्या एका रिसॉर्टची इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट टेम्पोतून आमच्या अंगणात उतरली. 48 व्होल्टची गाडी, सीटखाली 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. तक्रार एकच, मागून घरघर येते. मागचा अख्खा ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल एकत्र असलेला डबा, नवीन घ्यावा लागेल, असं मालकांना आधीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं. तो निर्णय आवाज ऐकून झाला होता, तेल कोणी पाहिलंच नव्हतं.

आवाजावरूनही बरंच कळतं, फक्त तो नीट ऐकावा लागतो. पॅडल दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा, असं असेल तर संशय गिअरच्या दात्यांवर. फक्त वळताना खटखट होत असेल तर डिफरन्शियलवर, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर. पॅडल दाबा की सोडा, आवाज तसाच राहतो आणि वेगाबरोबर चढतो, तेव्हा बेअरिंग. या गाडीचा आवाज तिसऱ्या जातीचा होता. मागची दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवली तर चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ फारसा नव्हता, पण आत खरखर हाताला लागत होती.

अशा गाडीत मोटर आडवी, अ‍ॅक्सलला समांतर बसते. मोटरच्या शाफ्टकडून मधल्या शाफ्टकडे आणि तिथून डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरकडे, अशा तिरप्या दात्यांच्या दोन टप्प्यांत वेग साधारण 12 पटीने उतरतो. 18 इंची टायरची गाडी ताशी 24 किलोमीटरने चालली तर चाक मिनिटाला 280 च्या आसपास फेरे घेतं आणि मोटरकडचा इनपुट शाफ्ट 3400 च्या आसपास. म्हणून या डब्यात पहिला बळी इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा जातो. चांगली गोष्ट अशी, की इथे जीप-टेम्पोसारखं क्राउन-पिनियन, म्हणजे काटकोनात बसणारी गिअरची जोडी, नाही, त्यामुळे दात्यांचा टेका रंग लावून जुळवत बसावं लागत नाही. शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, जिथल्या तिथे ठेवल्या तर हे काम घरच्या पडवीत होतं.

उतरवण्याआधी ड्रेन प्लग सैल केला. पहिल्यांदा तेल आलंच नाही. गंजाळलेलं पाणी आलं, अर्धा पेलाभर. त्यामागून दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं तेल. पाणी पावसाचं की समुद्राचं हे कळणं गरजेचं होतं, म्हणून ते जुन्या पत्र्याच्या झाकणात घेऊन शेगडीवर आटवलं. गंजाच्या डागाभोवती पांढरी खरपुडी राहिली. पावसाच्या पाण्याने तशी खरपुडी धरत नाही.

मालकांचं म्हणणं, "पाणी खंयसून जातला? पावसात तर गाडी भायर काढूकच नाय." ते खरंच बोलत होते. पाणी मे महिन्यात गेलं होतं, पाहुण्यांचं सामान न्यायला गाडी ओल्या वाळूवरून आणि खाडीच्या पाण्यातून फिरली तेव्हा. चालून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, पाणी आत ओढून घेते. शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या ऑइलसीलचा ओठ झिजलेला असेल तर तिथूनही. मग जूनपासून रिसॉर्ट बंद, गाडी शेडमध्ये. तेल वर, खारं पाणी खाली, आणि खालच्या लोखंडाला चार महिने मोकळे मिळाले. आवाज गाडी परत सुरू केल्यावर आला, म्हणून नुकसान उभ्या-उभ्या झालं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता उतरवण्याचं काम. आधी टो-रन स्विच (गाडी ओढून न्यायची की चालवायची, त्याचा) टोवर, चावी काढून, मग बॅटरीची मुख्य निगेटिव्ह वायर. कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, म्हणून थोडा वेळ थांबूनच मोटरच्या वायरींना हात लावायचा. हातातली अंगठी-कडं काढायचं आणि बॅटरीचा पाना टेप गुंडाळूनच वापरायचा. दोन टर्मिनलवर आडवा पडलेला पाना जागेवर वेल्ड होतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागे जॅक, आणि घोड्या (आधाराचे स्टँड) चासिसखाली, अ‍ॅक्सलखाली नाही, कारण अ‍ॅक्सलच खाली यायचा आहे. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणं कोणीही करू नये.

चाकं निघाली, ब्रेकचे ड्रम निघाले नाहीत. किनाऱ्यावर हे ठरलेलंच, ड्रम हबला गंजाने धरतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी ड्रमच्या कडेने गोल फिरत हातोडी मारली. एकाच जागी मारलं तर बिडाचा ड्रम तडकतो. लायनिंगची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक केबलच्या पिना काढल्या. मोटरच्या प्रत्येक वायरला टर्मिनलच्या नावाची चिठ्ठी बांधली, कारण वायरी उलटसुलट झाल्या तर गाडी उलट पळू शकते किंवा कंट्रोलर जातो. मोटर जड असते, ती बोल्ट काढताना एकाने धरलीच पाहिजे. लटकली तर इनपुट शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे मोटरमध्ये अडकणारे शाफ्टवरचे उभे दाते, दुखावतात. त्या स्प्लाइनवर तांबूस पावडर दिसली, म्हणजे ग्रीस संपून लोखंडाला लोखंड घासत होतं. दाते अजून जाड होते म्हणून वाचले. हेच स्प्लाइन गेले की मोटर फिरते आणि गाडी जागची हलत नाही.

शॉक अ‍ॅब्झॉर्बरची खालची टोकं सोडवली, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट काढले. यू-बोल्टचे आटे खाऱ्या हवेने गेलेलेच होते, ते नवेच घातले. नंतर ट्रॉली जॅकवर अख्खा ट्रान्सअ‍ॅक्सल खाली घेतला.

अ‍ॅक्सल शाफ्ट ज्या नळीत असतो तिच्या तोंडाशी सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते, ती काढली की शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर यायला हवा. एका बाजूचा आला. दुसरा गंजाने धरला होता. स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाने हिसका देणारं हत्यार) नसेल तर ब्रेक ड्रम स्टडवर सैल चढवायचा, नट फक्त टोकाच्या आट्यांवर घ्यायचे आणि ड्रम बाहेरच्या बाजूला हिसकायचा. चार-सहा हिसक्यांत शाफ्ट सुटतो. ओढताना शाफ्टचं वजन सीलच्या ओठावर टेकू देऊ नये. सील नवीन घालायचं असलं तरी हात तसाच वळलेला बरा.

केसिंगचे बोल्ट काढून दोन भाग वेगळे केले आणि पाहण्यासारखी गोष्ट समोर आली. डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरवर आडवी सरळ रेघ होती. रेघेच्या वर दाते चकचकीत, खाली तपकिरी. पाण्याची पातळी लोखंडावर आखली गेली होती. इनपुटचं बेअरिंग धुऊन भिंगाखाली धरलं तेव्हा आतल्या धावेवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या वाटेवर, काळे ठिपके दिसले, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. हे अंतर दोन गोळ्यांमधलं. गाडी चालताना खड्डे पडले असते तर ते कुठेही पडले असते. हे गोळ्या जिथे टेकून उभ्या होत्या तिथेच पडले.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, यात माझा नियम कडक आहे. बेअरिंगच्या धावेवर बॉलपेनचं टोक फिरवा, ते कुठेही अडलं की बेअरिंग बाद. गिअरच्या दात्यावर नुसता डाग असेल तर बारीक ऑइलस्टोनने हलक्या हाताने काढा. जिथे दाते एकमेकांवर दाबतात तिथे खड्डा असेल तर गिअर बदला. कानस मात्र अजिबात लावू नका. दात्याचा कडकपणा वरच्या पातळ थरात असतो, तो गेला की मऊ लोखंड उरतं. इथे गिअर डागांवर सुटले. बेअरिंगं सगळी बदलली, ऑइलसीलंही.

बेअरिंगचा नंबर कडेवर वाचता येतो आणि तो घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जाता येतं. 6205 म्हणजे आतून 25, बाहेरून 52, रुंदी 15 मिलिमीटर. 6206 म्हणजे 30, 62, 16. नंबरापुढे सी-3 असेल तर तेच मागा. त्यात खेळ थोडा जास्त असतो, साधं घातलं तर गरम झाल्यावर आवळतं. अ‍ॅक्सलच्या बेअरिंगमागे घट्ट कॉलर असते. घरी प्रेस नसेल तर कॉलरला ग्राइंडरने खाच पाडायची, शाफ्टला पातं लागायच्या आधी थांबायचं आणि उरलेलं छिन्नीने फोडायचं. नवीन बेअरिंग आणि कॉलर तेलात 100 अंशांच्या आसपास तापवून शाफ्टवर सोडायची. बेअरिंगवर थेट ज्योत मारली तर त्याचा कडकपणाच उतरतो.

धुवायला डिझेल आणि रॉकेल. धुतलेला भाग कोरडा करून तिथल्या तिथे तेल लावायचं. आपल्या हवेत उघडं पोलाद रात्रीत तांबूस होतं. केसिंगच्या तोंडाला अ‍ॅनाबाँडची (सांधा बंद करणाऱ्या पेस्टची) बारीक धार, बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत. जाड थर लावला तर जादा माल आत गळतो आणि तेलाच्या वाटेत जाऊन बसतो. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. मोटरच्या स्प्लाइनवर मॉलिब्डेनमचं ग्रीस.

तेल एसएई 30, लेव्हलच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत. पहिलं तेल फक्त धुण्यासाठी. चाकं उचलूनच पाच मिनिटं हाताने फिरवली, काढलं, दुसरं भरलं. मोटर बाहेर असताना तपासायची झाली तर सिरीज मोटर कधीही मोकळी 48 व्होल्टवर लावू नका, लोड नसताना ती वेग चढवत जाते आणि आर्मेचर फुटतं. ती पट्ट्याने बांधून 12 व्होल्टवर क्षणभर पाहा, तेवढं पुरतं.

गाडी आवाज न करता चालली, पण ब्रीदर होता तिथेच ठेवला असता तर पुढच्या मे महिन्यात हेच झालं असतं. त्या जागी नळीचं तोंड बसवून 8 मिलिमीटरची पेट्रोलची रबरी नळी जोडली आणि ती मागच्या छताच्या खांबापर्यंत वर नेली, टोक खाली वळवून. बॅटरीच्या पेटीत सोडली नाही, तिथे आम्लाची वाफ असते. वाळूवरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवायला मालकांना सांगितलं, पण गिअरबॉक्स निवल्यावर, आणि प्रेशरची धार सीलवर न मारता. तापलेल्या केसिंगवर थंड पाणी ओतलं तर पाण्यातून गाडी नेल्यासारखाच परिणाम होतो.

जूनमध्ये गाडी बंद करायच्या आधी ड्रेन प्लग थोडा सैल करून पहिले थेंब काचेच्या पेल्यात पाहायचे. स्वच्छ तेल आलं तर प्लग आवळून गाडी ठेवायची. पाण्याचा एक थेंब दिसला तरी तेल त्याच दिवशी बदलायचं, ऑक्टोबरची वाट बघायची नाही.