४०,००० किलोमीटर झालेली स्कूटर

आज घरीच स्कूटरच्या व्हेरिएटरचे, म्हणजे बेल्ट आणि पुलीच्या साहाय्याने गिअर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचे, कव्हर उघडले. ४०,००० किलोमीटर धावलेली गाडी वेग घेताना अडखळू लागली की आपण इंजिनाला दोष देतो. पण इथे गोल असायला हवेत ते रोलर एका बाजूने चपटे झाले होते आणि बेल्टच्या दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा पडल्या होत्या. बेल्ट वरून धडधाकट दिसला तरी त्याची रुंदी मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी, कारण झिजून अरुंद झालेला बेल्ट पुलीत खोल बसतो आणि गाडीचा कमाल वेग घटतो. आतली क्लचची धूळ मात्र कृपया फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ती फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसा. इंजिन ऑइलपासून वेगळे असल्यामुळे हमखास विसरले जाणारे गिअर ऑइलही आज बदलले.